पाळणा आणि रात्रपाळी

परिचर्येचे शिक्षण घेताना आई होणाऱ्या विद्यार्थिनींसाठी नियम काय सांगतात, अडचण कोठे येते आणि वाट कशी निघू शकते?

प्रतिनिधी, बुलडाणा

गरोदर स्त्रीने जड ओझे उचलू नये, पुरेशी झोप घ्यावी, लोहाची गोळी एकही दिवस चुकवू नये आणि बाळंतपणानंतरचे ४२ दिवस स्वतःला व बाळाला विशेष जपावे. परिचर्या शिकणारी प्रत्येक विद्यार्थिनी हे धडे वर्गात गिरवते आणि तपासणीच्या रांगेत बसलेल्या बायकांना समजावून सांगते. मात्र शिक्षण चालू असताना तिलाच दिवस गेले, तर हे धडे स्वतः पाळणे तिला कितपत शक्य असते? सकाळची ड्युटी, दुपारचा वर्ग, महिन्यातील रात्रपाळ्या, भरायचे केसबुक आणि हजेरीची टक्केवारी यांच्या चौकटीत बाळंतपण बसवायचे कसे, या प्रश्नाचे उत्तर तिच्या हाती कोणी लेखी देत नाही.

राजमाता जिजाऊंचे जन्मस्थान असलेल्या सिंदखेडराजाचा हा जिल्हा. येथे मातृत्वाचा गौरव करणाऱ्या भाषणांची उणीव नाही. उणीव आहे ती एका साध्या नियमाची. शिकणाऱ्या आईचे वर्ष वाया न जाता तिला रजा कशी मिळेल आणि बुडालेली ड्युटी ती केव्हा भरून काढील, हे सांगणारा तो नियम असायला हवा.

घाटावर आणि घाटाखाली

सातपुड्याच्या पायथ्यापासून लोणारच्या सरोवरापर्यंत पसरलेल्या या जिल्ह्यात तेरा तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २५ लाख ८६ हजार. बोलीत जिल्ह्याचे दोन भाग पडतात. बुलडाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगावराजा, सिंदखेडराजा हे 'घाटावर', तर मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे 'घाटाखाली'. मुंबई-हावडा रेल्वेमार्ग घाटाखालून जातो. जिल्ह्याचे मुख्यालय असलेल्या बुलडाणा शहराला मात्र रेल्वे नाही. तेथे पोहोचायचे तर घाट चढणारी एसटी किंवा खासगी वाहन हाच मार्ग.

परिचर्येच्या विद्यार्थिनीसाठी हा भूगोल महत्त्वाचा ठरतो. शिकण्यासाठी मोठे रुग्णालय लागते आणि ते बुलडाणा, खामगाव अशा ठिकाणी असते. गुंतागुंतीच्या प्रसूती सुमारे शंभर किलोमीटरवरील अकोल्याला किंवा त्याहून दूर छत्रपती संभाजीनगरला पाठवल्या जातात. बुलडाण्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले, त्यामुळे रुग्णसेवेबरोबर शिक्षणाचाही विस्तार होईल अशी आशा आहे. दुसरीकडे, पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत अजून घट्ट आहे. सातव्या महिन्यात ओटी भरून मुलगी माहेरी जाते आणि निदान सव्वा महिना, बहुतेकदा तीन महिने पूर्ण करून परतते. माहेर संग्रामपूर तालुक्यात, सासर मेहकरकडे आणि महाविद्यालय बुलडाण्यात, असा त्रिकोण झाला की रोजची ये-जा संपतेच. मग एकच प्रश्न उरतो. किती दिवस गैरहजर राहिले तर वर्ष बुडणार नाही?

ही विद्यार्थिनी कोण?

परिचर्या शिक्षणाच्या तीन मुख्य पायऱ्या आहेत. सहायक परिचारिका-प्रसाविका अर्थात एएनएम हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, जीएनएम हा तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम आणि बी.एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची पदवी. पदवीचा अभ्यासक्रम नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत येतो. एएनएम व जीएनएमच्या परीक्षा राज्याचे शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेते. देशभरातील अभ्यासक्रमाचे किमान निकष भारतीय परिचर्या परिषद ठरवते.

जीएनएमसाठी परिषदेने ठरवलेली वयोमर्यादा १७ ते ३५ वर्षे अशी आहे. एएनएम झालेल्या सेविकेला पुढे जीएनएम करायचे असेल तर वयाची अटच नाही. विवाहित उमेदवारही प्रवेशास पात्र असतात. म्हणजे स्त्रीच्या आयुष्यातील लग्न आणि अपत्यजन्माचा नेमका काळ हाच शिक्षणाचाही काळ आहे, हे नियम करणाऱ्यांनी गृहीत धरलेले आहे. तरी हजेरीची चौकट मात्र बाळंतपण जणू घडणारच नाही अशा बेताने आखलेली दिसते.

विद्यार्थिनींचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग बारावीनंतर लगेच आलेल्या मुलींचा. यांपैकी काहींचे लग्न दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातच ठरते. 'शिक्षण चालू ठेवू' असा शब्द सोयरिकीच्या बैठकीत दिला जातो, पण वर्षभरात पाळणा हलला की त्या शब्दाची कसोटी लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच झाल्याचे आढळले. हे प्रमाण पाहता, वसतिगृहात राहून तीन-चार वर्षे शिकणारी मुलगी घरच्यांच्या दृष्टीने 'लग्नाची थांबलेली' असते, हे समजणे अवघड नाही.

दुसरा वर्ग मुले झाल्यावर शिक्षणाकडे वळलेल्या स्त्रियांचा. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, तेव्हा 'आशा' म्हणून गावातील विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित स्त्रीच निवडावी असे ठरले. गावोगावच्या प्रसूतींसाठी धावलेल्या या बायकांपैकी ज्यांचे बारावीपर्यंत शिक्षण झाले आहे, त्यांना एएनएम ही स्वाभाविक पुढची पायरी वाटते. त्यांच्यापुढे गरोदरपणापेक्षा घरी असलेल्या तीन-चार वर्षांच्या मुलाला कोण सांभाळणार, ही अडचण मोठी असते.

इतिहास वेगळे सांगतो

परिचारिका म्हणजे अविवाहित, वसतिगृहात राहणारी, संसारापासून मुक्त तरुणी, ही प्रतिमा मिशनरी व लष्करी रुग्णालयांच्या परंपरेतून आपल्याकडे रुजली. महाराष्ट्राचा इतिहास मात्र या प्रतिमेत पूर्णपणे मावत नाही. १८९१ मध्ये मुंबईत परिचर्येचे प्रशिक्षण घेण्यास आलेल्या काशीबाई गणपत यांचे नाव या व्यवसायातील पहिल्या भारतीय स्त्री म्हणून परिचर्येच्या इतिहासात घेतले जाते. त्याआधी १८८५ मध्ये स्थापन झालेल्या डफरीन फंडातून देशभर स्त्रियांसाठी रुग्णालये आणि सुईणींच्या शिक्षणाची सोय झाली. अमरावतीचे जिल्हा स्त्री रुग्णालय आजही वऱ्हाडात 'डफरीन' म्हणूनच ओळखले जाते.

पुण्यात १९०९ मध्ये रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी सेवासदन उभे केले. संस्थेने प्रौढ स्त्रियांसाठी वर्ग काढले आणि ससून रुग्णालयात परिचारिकांच्या प्रशिक्षणाची सोय करून दिली. त्यातून विधवा व परित्यक्ता स्त्रियांना रोगी-शुश्रूषेचा मार्ग खुला झाला. घरसंसार केलेली, दुःख पाहिलेली स्त्री हीच या कामास योग्य, हा विचार त्यामागे होता. आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण तर मराठी वाचकाला सांगायला नकोच. चौदाव्या वर्षी झालेले बाळ दहा दिवसांत गेले, त्या दुःखातून वैद्यकीय शिक्षणाचा निश्चय झाला. १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातून पदवी घेताना त्यांनी प्रबंधासाठी विषय निवडला तोही प्रसूतिशास्त्राचा. आई होण्याचा अनुभव या विद्येच्या आड आला नाही, त्यानेच तिला बळ दिले.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ मध्ये, भोर समितीने देशात सुमारे सात हजार परिचारिका, म्हणजे ४३ हजार लोकांमागे एक, असे चित्र नोंदवले. पुढच्याच वर्षी भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. तेव्हापासून संख्या कितीतरी वाढली असली तरी तुटवडा संपलेला नाही. जगातील परिचर्या-वर्गात सुमारे ९० टक्के स्त्रिया असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या अहवालात म्हटले होते. ज्या व्यवसायाचा भार मुख्यतः स्त्रियांवर आहे, त्याच्या शिक्षणात बाळंतपण हा अपवाद समजून कसे चालेल?

चार आठवडे आणि बेचाळीस दिवस

आता हजेरीचे गणित पाहू. परिषदेने २०२१ मध्ये राजपत्रात प्रसिद्ध केलेल्या बी.एस्सी. नर्सिंगच्या सुधारित अभ्यासक्रमात वार्षिक पद्धत जाऊन सत्र पद्धत आली. एक सत्र २० आठवड्यांचे, आठवड्याला ४० तास, म्हणजे सत्राला ८०० तास. परीक्षेला बसण्यासाठी प्रत्येक विषयात किमान ८० टक्के हजेरी आवश्यक. याचा अर्थ सत्रात फार तर २० टक्के, म्हणजे चार आठवडे किंवा २८ दिवस गैरहजर राहता येते.

प्रसूतीनंतरचा काळ पाठ्यपुस्तकात ४२ दिवसांचा धरलेला आहे. आशा कार्यकर्तीच्या घरभेटीही ४२ व्या दिवसापर्यंत चालतात. आजीचा 'सव्वा महिना' याच्याच जवळ जातो. पुस्तक आणि परंपरा यांचे येथे एकमत आहे. सत्राचे गणित मात्र दोघांच्याही दोन आठवडे मागे पडते. त्यात गरोदरपणातील तपासण्यांचे दिवस, प्रसूतीपूर्वीची विश्रांती किंवा सिझेरियनचे टाके धरलेलेच नाहीत.

वार्षिक पद्धतीत ही कोंडी थोडी सैल होती. वर्षभरात चाळीसहून अधिक आठवडे अध्यापन धरले तर २० टक्के सवलत सलग आठ-नऊ आठवड्यांची होई. सत्र पद्धतीत ती दोन तुकड्यांत विभागली गेली. प्रसूती दोन सत्रांच्या सांध्यावर किंवा सुट्टीत आली तर निभावते, सत्राच्या मध्यावर आली तर सत्र बुडते. बुडालेले सत्र सहसा पुढच्या वर्षीच्याच तुकडीबरोबर करावे लागते. म्हणजे दोन आठवड्यांची उणीव एका वर्षाची किंमत मागते. पदवी पूर्ण करण्यासाठी नियमाने कमाल आठ वर्षे दिलेली आहेत. त्यामुळे कायद्याने तिचे शिक्षण संपत नाही, पण घरची परिस्थिती आणखी एक वर्ष थांबेलच असे नाही. अनेकींच्या बाबतीत 'पुढच्या वर्षी बघू' याचा अर्थ 'आता पुरे' असाच होतो.

येथे आणखी एक बारकावा लक्षात घ्यावा लागतो. परिचर्येत हजेरीची सवलत दिली म्हणजे प्रश्न सुटला, असे होत नाही. परीक्षेसाठी ८० टक्के चालतात, पण पदवी किंवा पदविका हाती पडण्यापूर्वी प्रत्यक्ष रुग्णसेवेचे तास शंभर टक्के भरावे लागतात. आणि हा नियम योग्यच आहे. शिरेत सुई लावणे, रक्तस्राव ओळखणे, अडलेल्या बाईची नाडी धरून बसणे हे वाचून येत नाही. कमी ड्युटी करून झालेली परिचारिका रुग्णासाठी धोक्याची आणि तिच्या स्वतःसाठीही. म्हणून विद्यार्थिनीला तासांची माफी देऊन भागणार नाही. तेच तास पुढे, सुट्टीत किंवा पुढच्या तुकडीबरोबर, भरून काढण्याची हमी तिला हवी आहे.

कायद्याच्या दारात

एकाच वॉर्डात दोघी गरोदर आहेत असे समजा. एक शासकीय सेवेतील अधिपरिचारिका, दुसरी विद्यार्थिनी. पहिलीला राज्य शासनाच्या नियमाने १८० दिवसांची प्रसूती रजा आहे. खासगी आस्थापनेत असती तर १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे रजा आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तेथे पाळणाघर, ही तरतूद तिला लागू झाली असती. या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही घेतल्या गेल्या आहेत. दुसरीला यांतले काहीच नाही, कारण कायद्याच्या लेखी ती 'कर्मचारी' नाही. दोघींच्या अंगावर गणवेश आहे, दोघी त्याच रुग्णाला उठवून बसवतात. फरक फक्त हजेरीपटाचा.

विद्यार्थिनींसाठी पहिले ठोस पाऊल विद्यापीठ अनुदान आयोगाने उचलले. एम.फिल. व पीएच.डी.च्या २०१६ च्या विनियमांत २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजेची तरतूद झाली. १४ डिसेंबर २०२१ रोजी आयोगाने सर्व विद्यापीठांना पत्र पाठवून विद्यार्थिनींसाठी प्रसूती रजा, हजेरीतील सवलत आणि परीक्षा अर्जाच्या मुदतीबाबत नियम करण्यास सांगितले. त्यात पदवी व पदव्युत्तर विद्यार्थिनींचाही समावेश होता. केरळ विद्यापीठाने २०२३ मध्ये सहा महिन्यांपर्यंतच्या रजेचा निर्णय घेतला.

न्यायालयांचे निकाल दोन्ही बाजूंचे आहेत. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका विधी शाखेच्या विद्यार्थिनीला प्रसूतीच्या कारणाने हजेरीत सवलत नाकारली. व्यावसायिक अभ्यासक्रमात नियमित उपस्थितीला महत्त्व आहे, हा विचार त्यामागे होता. त्याच न्यायालयाने मे २०२३ मध्ये मीरतच्या विद्यापीठातील एम.एड.च्या विद्यार्थिनीच्या प्रकरणात वेगळी दिशा घेतली. शिक्षणाचा हक्क आणि मातृत्वाचा हक्क यांतून एकाची निवड करण्याची सक्ती स्त्रीवर करता येणार नाही, अशी भूमिका घेत ५९ दिवसांच्या रजेचा नव्याने विचार करण्यास विद्यापीठाला सांगितले. अलाहाबाद उच्च न्यायालयानेही अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थिनीच्या प्रकरणात विद्यापीठाला असे नियम करण्याचे निर्देश दिले.

परंतु बुलडाण्यासारख्या जिल्ह्याच्या दृष्टीने यात एक मोठी फट राहते. आयोगाचे पत्र विद्यापीठांना आहे. बी.एस्सी. नर्सिंगची विद्यार्थिनी त्याचा आधार घेऊन अर्ज करू शकते. एएनएम व जीएनएम हे अभ्यासक्रम विद्यापीठाचे नाहीत, ते मंडळ आणि परिषदेच्या कक्षेत आहेत. ग्रामीण भागातील मुली आणि मुले असलेल्या स्त्रिया ज्या वाटेने या व्यवसायात येतात, त्याच वाटेवर हे पत्र पोहोचत नाही.

परदेशात या प्रश्नाकडे वेगळ्या पद्धतीने पाहिले गेले. अमेरिकेत १९७२ च्या 'टायटल नाइन' कायद्याखालील नियमांनुसार, वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक तेवढी अनुपस्थिती माफ करून विद्यार्थिनीला रजेपूर्वीच्या स्थानी परत घेणे शिक्षणसंस्थेला बंधनकारक आहे. इंग्लंडमध्ये २०२० पासून परिचर्या विद्यार्थ्यांना दिल्या जाऊ लागलेल्या निधीत मूल सांभाळणाऱ्यांसाठी वर्षाला दोन हजार पौंडांची स्वतंत्र तरतूद करण्यात आली. दोन्हीकडे प्रत्यक्ष सेवेचे तास पूर्ण करावेच लागतात. फक्त ते केव्हा करायचे, याला लवचीकता आहे.

वॉर्डातील धोके

गरोदर विद्यार्थिनीने ड्युटी करूच नये, असे वैद्यकशास्त्र म्हणत नाही. निरोगी गरोदरपणात बहुतेक कामे करता येतात. काही विभाग मात्र टाळायला हवेत किंवा तेथे विशेष दक्षता हवी.

- क्ष-किरण विभाग : तपासणी चालू असताना खोलीत थांबू नये, रुग्णाला धरून उभे राहण्याचे काम दुसऱ्याला द्यावे.
- कर्करोगावरील औषधे : ही तयार करणे, सांडलेले पुसणे किंवा अशा रुग्णाचे मलमूत्र हाताळणे टाळावे.
- संसर्ग : कांजिण्या, रुबेला, क्षयरोग या रुग्णांच्या कक्षातील ड्युटी बदलून घ्यावी. रुबेला व कांजिण्यांची लस जिवंत विषाणूंची असल्याने गरोदरपणात देत नाहीत. ती आधीच घ्यावी आणि त्यानंतर किमान एक महिना गर्भधारणा टाळावी. हिपॅटायटिस-बीची लस मात्र गरोदरपणातही घेता येते.
- ओझे : बेशुद्ध किंवा लठ्ठ रुग्णाला एकटीने उचलणे, स्ट्रेचर ओढणे टाळावे.
- रात्रपाळी : डेन्मार्कमध्ये २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गरोदरपणाच्या आठव्या आठवड्यानंतर एका आठवड्यात दोन किंवा अधिक रात्रपाळ्या केलेल्या स्त्रियांमध्ये पुढील आठवड्यात गर्भपाताचा धोका सुमारे एक-तृतीयांशाने अधिक आढळला. मूळ धोका लहान असल्याने घाबरण्याचे कारण नाही, पण रात्रपाळ्या कमी ठेवण्यास हे पुरेसे कारण आहे.

यासाठी पहिली अट म्हणजे विद्यार्थिनीने दिवस गेल्याचे लवकर सांगणे. तेच बहुधा घडत नाही. नाव कमी होईल, प्रात्यक्षिकाच्या गुणांवर परिणाम होईल, वसतिगृह सोडावे लागेल या भीतीने पाच-पाच महिने बातमी लपवली जाते. गर्भाला सर्वाधिक जपायचे ते पहिले तीन महिने त्यातच निघून जातात. लेखी नियम नसण्याची खरी किंमत येथे मोजली जाते.

दूध आणि पाळणाघर

पहिले सहा महिने निव्वळ स्तनपान, हे प्रत्येक वॉर्डाच्या भिंतीवरचे वाक्य. सव्वा महिन्यानंतर ड्युटीवर परतलेल्या विद्यार्थिनीला ते पाळायचे तर दोनच मार्ग असतात. बाळ जवळ असावे किंवा दूध काढून ठेवता यावे. स्वच्छ भांड्यात काढलेले दूध साधारण खोलीच्या तापमानाला चार तासांपर्यंत चांगले राहते. बुलडाणा शहराची हवा थंड, पण घाटाखाली मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो. तेथे या चार तासांवर विसंबता येत नाही, शीतपेटी किंवा फ्रीज हवाच. दूध काढण्यासाठी दार बंद करता येईल अशी एक खोली आणि पाळीच्या मध्ये वीस मिनिटांची मोकळीक एवढेच यासाठी लागते.

पाळणाघराविषयी तर परिषदेनेच लिहून ठेवले आहे. परिचर्या महाविद्यालयांसाठीच्या भौतिक सुविधांच्या निकषांत परिसरात पाळणाघर असावे, असे स्पष्ट नमूद आहे. प्रयोगशाळा, ग्रंथालय, बस यांची तपासणी होते तशी पाळणाघराचीही काटेकोर तपासणी झाली, तर अर्धा प्रश्न नव्या नियमाविना सुटेल. केंद्राच्या मिशन शक्तीखालील 'पालना' योजनेत सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांसाठी अंगणवाडीला जोडून पाळणाघरे चालवण्याची तरतूद आहे. रुग्णालयाजवळच्या अंगणवाडीत असे केंद्र झाल्यास विद्यार्थिनींबरोबर कर्मचारी परिचारिकांचीही सोय होईल.

विद्यार्थिनींनी काय करावे?

१. शक्य असेल तर नियोजन करावे. 'अंतरा' इंजेक्शन, 'छाया' गोळ्या, तांबी ही साधने शासकीय रुग्णालयांत मोफत मिळतात. लग्न ठरताना 'शिक्षण संपेपर्यंत मूल नको' हे दोन्ही घरांनी स्पष्ट बोलावे. हा निर्णय फक्त सुनेवर सोपवू नये.

२. दिवस गेल्याचे निश्चित होताच प्राचार्यांना लेखी अर्ज द्यावा. सोबत प्रसूतीची अपेक्षित तारीख असलेले वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे आणि अर्जाची पोच घ्यावी. पदवीच्या विद्यार्थिनीने आयोगाच्या १४ डिसेंबर २०२१ च्या पत्राचा उल्लेख करावा.

३. प्रात्यक्षिकाचे तास लॉगबुकात रोजच्या रोज नोंदवून सही घ्यावी. रजेपूर्वी किती तास झाले आणि किती उरले, याचा हिशेब स्वतःजवळ असावा.

४. चांगल्या प्रकृतीच्या महिन्यांत, म्हणजे साधारण चौथ्या ते सातव्या महिन्यात, सुट्टीच्या दिवसांची ड्युटी मागून तास शक्य तेवढे पुढे न्यावेत.

५. तपासण्या चुकवू नयेत. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली शासकीय संस्थांत मोफत तपासणी होते. लोह व फॉलिक ॲसिडच्या गोळ्या गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या असतात.

६. पात्रता असल्यास योजनांचा लाभ घ्यावा. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी दोन हप्त्यांत पाच हजार रुपये आणि दुसरी मुलगी झाल्यास सहा हजार रुपये मिळतात. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात शासकीय रुग्णालयातील प्रसूती, सिझेरियनसह, मोफत आहे. या योजनांसाठी विद्यार्थिनी असणे ही आडकाठी नाही.

७. शिष्यवृत्ती किंवा शुल्कमाफी मिळत असेल तर रजेमुळे वर्ष लांबल्यास तिचे नूतनीकरण कसे होईल, याची चौकशी रजेवर जाण्यापूर्वीच करावी.

संस्थांनी काय करावे?

यातील बऱ्याच गोष्टींना पैसा लागत नाही. गरोदर विद्यार्थिनीसाठी विभाग व पाळी बदलण्याचा लेखी नियम करावा. रजेनंतर उरलेले तास सुट्टीत भरून घेण्याचे वेळापत्रक रजा मंजूर करतानाच तिच्या हाती द्यावे. अंतर्गत परीक्षेची एक जादा संधी ठेवावी. बाळंतपणानंतरचे पहिले सहा महिने रात्रपाळीऐवजी दिवसपाळी द्यावी आणि राहिलेल्या रात्री पुढे घ्याव्यात. तास एकही कमी होत नाही, त्यांचा क्रम तेवढा बदलतो. परिषद आणि राज्य मंडळाने हाच नियम एएनएम व जीएनएमसाठी लेखी केला, तर प्रत्येक प्राचार्यांच्या मर्जीवर अवलंबून राहण्याची वेळ येणार नाही. पाठ्यनिर्देशिका स्वतः याच वाटेने गेलेल्या असतात. अनेक ठिकाणी त्या पदर खोचून मुलींना सांभाळूनही घेतात. पण सहृदयता बदलीबरोबर निघून जाते, नियम मागे राहतो.

या विद्यार्थिनीच्या यशात जिल्ह्याचाही स्वार्थ आहे. बाहेरून आलेली परिचारिका बदली मागते. येथेच सासर-माहेर असलेली, येथेच लेकरे वाढवणारी परिचारिका उपकेंद्रात टिकते. २०११ च्या जनगणनेत बालकांमध्ये हजार मुलांमागे अवघ्या ८५५ मुली नोंदवणाऱ्या या जिल्ह्यात, हातात नोकरी असलेली सून आणि गणवेशातली आई ही मुलीच्या जन्माची बाजू मांडणारी सर्वांत प्रभावी साक्ष ठरते.

रात्री दोन वाजता प्रसूतिकक्षात कळा सोसणाऱ्या बाईच्या पाठीवरून हात फिरवणारी विद्यार्थिनी काही दिवसांपूर्वीच त्या खाटेवर असू शकते. त्या बाईला काय होते आहे, हे तिला कोणत्याही पुस्तकापेक्षा अधिक ठाऊक असते. अशा परिचारिकेला १४ दिवसांच्या फरकासाठी गमावणे रुग्णालयांना परवडणारे नाही.